बाजार, बालक आणि निवेदकाची भाषा : तीन कथांचा तुलनात्मक विचार

अल्पवयीन नायकांच्या कथांची तुलना बहुधा कथानक, स्वभावचित्रण, वातावरण आणि आशय या घटकांच्या आधारे केली जाते. ही पद्धती उपयुक्त असली तरी पुरेशी नाही. जेम्स जॉइस यांची 'ॲरबी' ('डब्लिनर्स', १९१४), प्रेमचंदांची 'ईदगाह' (१९३३) आणि टोनी केड बंबारा यांची 'द लेसन' ('गोरिला, माय लव्ह', १९७२) या तीन कथा एकत्र वाचल्या असता तिची मर्यादा ध्यानात येते.

तिन्ही कथांचा सांगाडा जवळजवळ एकच आहे : हाती अपुरे पैसे असलेले मूल बाजारात जाते आणि काही शिकून परतते. डब्लिनमधील मुलाला मित्राच्या बहिणीसाठी भेटवस्तू आणावयाची असते. काका उशिरा घरी आल्यामुळे तो पोचतो तेव्हा बाजार मिटत आलेला असतो. हमीद तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो. न्यूयॉर्कच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील सिल्व्हिया एका श्रीमंती दुकानात १,१९५ डॉलरचे खेळण्यातील गलबत पाहते आणि संतापते.

कथांमधील खरा भेद घटनांत नसून निवेदनाच्या भाषेत आहे. 'ॲरबी'चा निवेदक 'मी' असला तरी त्याची भाषा प्रौढाची, धार्मिक प्रतिमांनी भारलेली आहे. अखेरीस स्वतःच्या पोकळपणाचा जो निवाडा होतो, तो मुलाच्या नावे असला तरी शब्द प्रौढाचे आहेत. प्रेमचंदांचा निवेदक तृतीयपुरुषी आहे. खेळण्यांच्या वादात तो मुलांच्या तर्कात मनापासून सामील होतो आणि चिमट्याला पहिलवानाचा मान मिळू देतो. परंतु अमीनाच्या अश्रूंचा अर्थ हमीदला कळत नाही, तो फक्त निवेदक व वाचक यांनाच कळतो. म्हणजे येथे कृती मुलाची आणि ज्ञान मोठ्यांचे, अशी विभागणी आहे.

'द लेसन'मध्येही कथन गतकाळाविषयीचेच आहे. तथापि भाषा आरंभापासून अखेरपर्यंत त्या मुलीची, तिच्या वस्तीच्या बोलीची राहते. कथेतील धडा मैत्रीण शुगर बोलून दाखवते. सिल्व्हिया मात्र गप्प राहते आणि टॅक्सीच्या भाड्यातून उरलेले चार डॉलर जवळ ठेवते. तिचे आकलन वाचकाला तिच्या रागावरून आणि मौनावरून ओळखावे लागते. बोलीमुळेच हे शक्य झाले आहे, कारण प्रमाणभाषा येताच तिच्याबरोबर निवाडा करणारा प्रौढही कथेत आला असता.

यावरून असे म्हणता येईल की, मुलांविषयीच्या कथेत 'काय शिकले' या प्रश्नाआधी 'ते कोणाच्या शब्दांत सांगितले' हा प्रश्न विचारावा लागतो. भाषांतराच्या दृष्टीने तर हा प्रश्न निर्णायक आहे. या तिन्ही कथा एकाच घडीव प्रमाण मराठीत आणल्या, तर कथानक, पात्रे व आशय यांना धक्काही लागणार नाही. पण सिल्व्हियाचा धडा तिचा न राहता तिला शिकविणाऱ्या मिस मूरचा होईल. घटकांची यादी पुरी राहूनही कथा हरवते, हे तेथे प्रत्ययास येईल.