धीर कुणी धरायचा?

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मी पहिल्यांदा वाचली ती नंदुरबारमधल्या एका कचेरीबाहेरच्या बाकावर. वडिलांच्या वनहक्क दाव्याची फाईल आत होती. कायदा 2006चा, आमचा अर्ज त्यानंतरचा, आणि उत्तर दर वेळी तेच : साहेब मीटिंगला गेलेत, धीर धरा. वडील माळकरी. ते खरोखरच धीर धरत. मला त्याचाच राग येई.

‘गोधड’ (1987) या संग्रहातली ही कविता सहसा विद्रोहाची म्हणून वाचली जाते. मला ती वाट पाहण्याची कविता वाटते. खाली बसलेल्यांना त्यांचंच दुःख वरून सांगितलं जातं. ते ऐकून घेतात, मनातली शंका हळूच आपसांत बोलतात. तेवढ्यावरच दम मिळतो, आणि तिथेच कविता संपते. शेवटचा शब्द वरच्यांचा. खालच्यांनी पुढे काय केलं, हे कवी सांगत नाही.

या कवितेत ‘आम्ही’ आहे, ‘ते’ आहे. ‘तू’ मात्र नाही. इथे मला चोखोबा आठवतात. त्यांनाही आत घेतलं नव्हतं. पण त्यांच्या अभंगांत ‘तू’ आहे. ज्याच्या दारात अडवलं, त्याच विठ्ठलाला ते जाब विचारतात. चोखोबांचा धीर म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. ती मागे न घेतलेली तक्रार आहे. त्यांची समाधी महाद्वारापाशीच राहिली. ते दार दलितांना उघडलं 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहा शतकांनी. या काळात त्यांच्या सोशिकतेचं कौतुक करणारे पुष्कळ झाले. त्यांतले बरेचसे दाराच्या आत होते.

म्हणून ‘स्टेज’बद्दल माझी एक तक्रार होती. सातपुड्याच्या पायथ्याशी तो ‘तू’ नव्हता असं नाही. 1930च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. शहाद्यात 1970च्या सुमारास जमिनीसाठी भिल्लांना उभं करणारे अंबरसिंग सुरतवंती यांनाही लोक ‘महाराज’च म्हणत. इथे श्रद्धा आणि हक्काची मागणी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. स्वतः चळवळीत वाढलेल्या कवीने हे बाहेर का ठेवावं?

आता वाटतं, ते बाहेर राहिलं हेच बरोबर. देवाला ‘तू’ म्हणता येतं. स्टेजवरच्याला येत नाही. देवाशी भांडणारा माणूस भक्तच राहतो, स्टेजशी नुसता कुजबुजला तरी त्याने माफी मागायची असते. दोन्हीकडे वाट पाहणं आहे, पण दोन्हींना ‘धीर’ हा एकच शब्द वापरला की फसगत होते. एक धीर आपण धरतो, दुसरा आपल्याला धरायला लावतात.

गेल्या वर्षी वडिलांची पोथी ऊन दाखवायला काढली. तिच्या कापडात पोचपावत्या निघाल्या : प्रत्येक अर्जाची, तारखेनुसार लावलेली, एकही गहाळ नाही. बाकावर शेजारी बसून मला त्यांच्या धीराचा राग येत होता तेव्हा ते हे सांभाळत होते. दाव्याचा निकाल अजून नाही. पावत्या मी पुन्हा त्याच कापडात बांधल्या.