कापडाची हाडं

इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी १६०३ साली वारली, तेव्हा अंत्ययात्रेत शवपेटीवर ठेवायला तिचा लाकडी पुतळा घडवला गेला आणि त्याला राजवेष चढवला गेला. तो पुतळा पुढे इतका खराब झाला, की १७६० मध्ये नव्यानं करावा लागला. पण जुन्याच्या अंगातली आतली बंडी वाचली. ती आजही वेस्टमिन्स्टर ॲबीकडे आहे, आणि वेशभूषेच्या अभ्यासक जॅनेट अर्नोल्ड यांनी तिचा बारकाईनं अभ्यास करून ठेवला आहे. पुढून दोरीनं आवळायची, खांद्यांवर पट्टे, कमरेखाली कापडाच्या पाकळ्या. कापडाच्या दोन थरांमध्ये शिवून काढलेली अरुंद घरं, आणि त्या घरांत व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या.

ही बंडी वाचायला घेतली, की पहिलाच प्रश्न अडवतो. लाकडाच्या बाईला हे कशाला? लाकडाचं पोट सुटत नाही आणि श्वासानं छातीही हलत नाही. कंबर बारीकच करायची होती, तर ते काम सुताराच्या रंध्यानं झालं असतं. तरी शिंप्यानं जिवंत बाईला शिवावी तशी, पट्ट्या भरलेली बंडी शिवली. त्यानं चुकून किंवा सवयीनं तसं केलं, असं मला वाटत नाही. पट्ट्या मांस दाबायला असतात, हा आपला समज सिनेमांनी करून दिलेला आहे. पलंगाचा खांब धरून उभी असलेली नायिका आणि मागून दोरी ओढणारी दासी आपण इतक्यांदा पाहिली आहे, की दुसरं काही सुचतच नाही. पण भरजरी वस्त्राचं ओझं वरून आलं, की कापड कमरेशी चुण्या पाडून बसतं. ते बसू नये, छातीपासून कमरेपर्यंत एकच सपाट उतार राहावा आणि खालच्या घेराचं वजन एकट्या नाडीवर न लटकता बंडीच्या सगळ्या काठावर वाटलं जावं, यासाठी ती पट्ट्यांची रांग. हाडं कापडाला हवी असतात. बाई आत असली तर ठीक, नसली तरीही हवीतच.

बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्यात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठेला जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. या भागात त्या उभ्या असतात, माणसाएवढ्या किंवा थोड्या ठेंगण्या, आणि त्यांना खरीखुरी साडी नेसवलेली असते. मुखवट्यांकडे सगळे बघतात. मला त्यांच्या साडीच्या आत काय आहे ते बघावंसं वाटतं. एखाद्या घरी पत्र्याची कोठी असते, वर निमुळती, खाली फुगीर. कुठे सळईचा वेल्डिंग केलेला स्टँड, त्याला वर छोटं आणि खाली मोठं कडं. कुठे एकावर एक चढवलेले डबे आणि घागरी. साडी नेसवून झाल्यावर आत काय आहे ते कोणी सांगू नये, अशी अपेक्षा असते. पण साडी ते सांगून टाकते. डब्यांवर नेसवलेली साडी डब्यांच्या जोडाशी खचते. सळईच्या स्टँडवर नेसवलेली कमरेपर्यंत छान पडते, आणि खालचं कडं जिथे येतं तिथे निऱ्यांवर आडवी रेघ उमटते. कोठीवरची साडी सगळीकडे सारखी टेकते, म्हणून रेखीव दिसते, पण तिला झोका नसतो. जाणत्या घरांत साडीआधी एखादं जुनं मऊ लुगडं कमरेभोवती गुंडाळतात, कंबरेला गोलाई येते आणि कड्याची रेघही मुरते. थोरली जाऊ मुखवट्याच्या बाजूनं उभी राहते, धाकटी खाली बसते: “निऱ्या खालून धर वं बाई, मी वरून लावते.” मग टाचण्या.

युरोपातल्या शिंप्यांची युक्ती हीच होती. झगा फुगवायला आत घालायच्या घेराच्या कड्यांवर थेट मुख्य झगा कधी घालायचा नाही. मध्ये एक साधा परकर हवा, नाहीतर प्रत्येक कडं कापडातून बाहेर डोकावतं. आणि नितंबांवर कापसाची वळकटी बांधायची, म्हणजे घेर कमरेपासून एकदम फुटतो. ऐतिहासिक नाटकासाठी वेष शिवणारे नवखे लोक सामान निवडण्यात दिवस घालवतात आणि हा मधला परकर विसरतात. पोलाद कितीही भारी आणा, वरून यात्रेतला तंबूच दिसतो.

सामानाकडे वळायचं तर आधी एक हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. एकेरी जाडीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर तो फक्त दुप्पट होतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या बंड्या उलगडून पाहिल्या, की अरुंद पट्ट्यांची घरं एकमेकांना खेटून का शिवली, ते इथे कळतं. एक जाड पट्टी हट्टी असते. तीच ताकद दहा बारीक पट्ट्यांत वाटली, की कापड ताठही राहतं आणि वळतंही. ज्या शिंप्यानं घर शिवताना अर्धं सूत इकडेतिकडे केलं नाही, त्याला हा हिशेब कागदावर मांडता आला नसता, पण त्याच्या बोटांना तो पाठ होता.

व्हेलची पट्टी या सगळ्या वस्तूंत लाडकी ठरली, ती उगीच नाही. आपली नखं आणि गुरांची शिंगं ज्या द्रव्याची बनतात, तेच हे द्रव्य. व्हेल त्याच्या झालरीतून समुद्राचं पाणी गाळून अन्न वेगळं करतो. पट्टी लांबीत चिरता येते, कितीही बारीक केली तरी चिरफळत नाही, आणि ऊब लागली की मऊ होऊन थंड झाल्यावर नवा आकार धरते. अंगावर काही दिवस वापरलेली बंडी म्हणूनच त्या अंगाची होऊन बसते. या गुणासाठीही उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जहाजं गेली आणि व्हेलची कत्तल झाली. आता ती पट्टी मिळत नाही आणि मिळवूही नये. भारतात व्हेलला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात ज्या लढाईमुळे आहे, ती व्हेलच्या पट्ट्यांच्याच काळातली, ऑक्टोबर १७२४ मधली. निजाम-उल-मुल्कनं इथे मुबारिझ खानाला हरवलं, खान मारला गेला आणि दख्खनची सुभेदारी निजामाच्या हाती पक्की झाली. त्याच वर्षांत लंडनच्या बायका व्हेलच्या पट्ट्यांवर ताणलेले घुमटी घेर घालून हिंडत होत्या. १७१० च्या जानेवारीत ‘टॅटलर’ या नियतकालिकानं अशा एका परकरावर न्यायालयात खटला चालवल्याचा विनोदी लेख छापला होता. इकडे मुघली जाम्याचा घेर नुसत्या कापडाचा, अनेक कळ्यांचा आणि चुण्यांचा, आत एकही काडी नाही. घेरच हवा, तर दोन रस्ते असतात: कापड वाढवा किंवा आत सांगाडा घाला. आपण बहुतेक वेळा कापड वाढवलं. घोड्यावर बसायचं असेल तर तेच शहाणपणाचं आहे. उभं राहण्यापुरतं दिसायचं असेल तेव्हा मात्र, महालक्ष्मीसारखं, आपणही सांगाड्याकडे वळलो.

व्हेलच्या आधी युरोपातही काड्याच होत्या. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश घेरात विलोसारख्या झाडांच्या फोका आणि दोर असत, इंग्लंडात वाळक्या ताठ गवताच्या जुड्या. गवताची जुडी हास्यास्पद वाटते, पण हातात धरून पाहावी. एक काडी मोडते; जुडी लवते, कारण आतल्या काड्या एकमेकींवरून सरकतात. आपल्याकडे हा अनुभव घ्यायला नारळाच्या खराट्याचे दहाबारा हीर पुरेत. दोऱ्यानं गच्च गुंडाळून कापडाच्या घरात सरकवले, की बंडीचा पुढचा भाग असा काही बसतो, की पोलाद फिकं पडावं. तुराटीचा मोह मात्र टाळावा. शिवारात ढिगानं पडलेली असते, सरळही असते, पण वाकवायला गेलं की कडकन मोडते. तिची जागा कुडात.

वेळूबद्दल माझा पक्षपात आहे, तो लपवत नाही. बुरुडाकडून कामट्या आणायच्या तर माणवेलाच्या, आणि त्याही पाठीच्या. वेळूचे तंतू सालीजवळ दाट असतात, आत विरळ होत जातात. पोटाकडची कामटी दिसायला तशीच, पण तिला उसळी नसते. कामटी भिजवून, आचेवर धरून, साल बाहेरच्या बाजूला ठेवून वाकवली, की गोल सुरेख येतो. पेराशी ती नेहमी नखरे करते. तिथे सुरी हलक्या हातानं चालवावी, आणि आठपटीचा हिशेब इथे आठवावा, कारण सालपटाएवढं जास्त तासलं तरी कडं त्या जागी कोन करून बसतं. वेळूला भुंगाही लागतो. पण स्टेजवर वेळूचा घेर चालताना जसा किंचित कुरकुरतो, तसा दुसरा कुठला कुरकुरत नाही, आणि सोळाव्या शतकातली बाई चालताना शांत असेल, असं मला वाटत नाही.

१८५६ मध्ये पॅरिसमध्ये पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचं पेटंट घेतलं गेलं. त्याआधी बायका घेर मिळवायला घोड्याच्या केसांचं विणलेलं कापड आणि एकावर एक परकर चढवत. आता कमरेच्या पट्ट्यापासून फिती लोंबल्या, फितींना कडी अडकली, आणि आतले बहुतेक परकर गळून पडले. हा त्या काळच्या बाईवर लादलेला तुरुंग होता, असं लिहायची पद्धत आहे. पण पायांत घोटाळणाऱ्या परकरांच्या थरांतून सुटलेल्या बाईला तो तसा वाटला असेल का? पिंजरा हलका असतो, पाय मोकळे राहतात. जिने चढणं आणि वारा, या दोन गोष्टींनी मात्र तिची फजिती केलीच.

या पोलादाचा सारा जीव उसळीत आहे. बांधकामावरची बाइंडिंगची तार किंवा मऊ सळई वाकली, की वाकलेलीच राहते. महालक्ष्मीच्या हाताला ती उत्तम, कारण हात एकदा वळवला की तसाच हवा. घेराला ती निकामी, खुर्चीचा पहिला धक्का लागला की कडं अंडाकृती होतं. घेराला पाणी दिलेलं, परत येणारं पोलाद लागतं. बंडीत सपाट पट्टी फक्त पुढेमागे वळते, तिला पाठीच्या दोरीजवळ ठेवावं. वेटोळ्यांची पट्टी बाजूलाही वळते, ती कुशीत बरी. दोन्ही घामानं गंजतात.

आणि मग आपल्या हार्डवेअरच्या दुकानातलं सामान. मेहकर-चिखलीच्या कोणत्याही दुकानात मिळणारे रुंद केबल टाय, डोकं कापून, टोकं घासून घेतले, की बंडीसाठी व्हेलच्या पट्टीच्या सगळ्यांत जवळ जातात. तेही ऊब लागली की अंगाशी जुळतात. ठिबकच्या नळीची शिफारस बरेच जण करतात. वेटोळ्यातच येते, त्यामुळे गोल आधीच तयार, ही तिची बाजू. पण जड साडी किंवा मखमल पडली की ती चपटी होते, आणि एकदा मुडपली की त्याच जागी पुन्हा पुन्हा मुडपते. हलक्या सुती घेराला चालेल. सांधा जोडताना आत लाकडाची खुंटी घालून तो मागच्या बाजूला न्यावा, कारण जोड आला की तेवढा भाग ताठ होतो आणि पुढे आला तर प्रेक्षकाला दिसतो. पट्ट्यांची टोकंही उघडी ठेवू नयेत, चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा शिवून बंद करावीत. पहिल्या अंकात नाही, तर दुसऱ्या अंकात ती बाहेर येतात आणि बहुतेक वेळा काखेत टोचतात.

एक फरक उरतोच. महालक्ष्मीला बसायचं नसतं, नटीला बसायचं असतं, आणि प्रयोग दुसऱ्या गावी असेल तर जायचंही असतं. फितींवर लोंबणारी पोलादी कडी एकात एक बसून चपटी होतात आणि एसटीत मांडीवर मावतात. वेळूच्या घेरासाठी कंडक्टरशी भांडावं लागतं, बहुधा पूर्ण तिकीटही काढावं लागतं.