कायद्याच्या पुस्तकांतील मूल

कायद्याच्या पुस्तकास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. परंतु ज्या लेखनामुळें एखाद्या मुलास आई दुरावते, किंवा निराधार मुलास घर लाभतें, तें लेखन टीकाकारानें वाचूंच नये, असें कोण म्हणेल?

१८६० च्या दंडसंहितेंत ८२ वें कलम अवघ्या एका वाक्याचें होतें. ७ वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेली कोणतीहि गोष्ट गुन्हा नव्हे, हा त्याचा आशय. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेंहि तो २० व्या कलमांत कायम राखला आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेंत इतकें वत्सल वाक्य क्वचितच आढळेल.

आतां त्याच ब्रिटिश राजवटीचें दुसरें लेखन पाहावें. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९२४ सालीं पुन्हां बांधून काढण्यांत आला. त्यान्वयें ६ वर्षांवरील व १८ वर्षांखालील मुलें आईबापांपासून काढून सुधारशाळेंत ठेवण्याची मुभा सरकारास होती. मुलानें काय केलें, असें तें कलम विचारीत नाहीं. तें कोणाच्या पोटीं आलें, एवढेंच विचारतें. म्हणजे सव्वासहा वर्षांचें पारध्याचें पोर एका पुस्तकाप्रमाणें गुन्हा करण्यास असमर्थ, आणि दुसऱ्या पुस्तकाप्रमाणें आईच्या कुशींतून उचलून नेण्याइतकें धोक्याचें! हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर रद्द झाला. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यांत—अंगवळणीं पडलेल्या नांवानें म्हणावयाचें तर नगर जिल्ह्यांत—आठवड्याच्या बाजारीं कोणाचें पाकीट हरवलें, कीं पालावरच्या पोराकडे जी नजर वळते, ती कोणत्या राजपत्रानें रद्द झाली?

पुढील कायद्यांनीं शब्द बदलले, हें त्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. १९८६ च्या कायद्यानें उपेक्षित मूल व अपराधी मूल असे दोन वर्ग पाडले; तथापि चौकशी संपेपर्यंत दोघांसहि एकाच प्रकारच्या निरीक्षणगृहांत ठेवण्याची मोकळीक राहिली. ही गफलत २००० सालच्या कायद्यानें दूर केली. २०१५ चा कायदा तर मुलाविषयीं आरोपाचे शब्द वापरूं नयेत, असें तत्त्वच सांगतो. त्यांतूनच ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द रूढ झाला. हेतु स्तुत्य, पण ज्या मुलाविषयीं तो योजिला, त्यास स्वतःचें हें नांव उच्चारतां तरी येईल काय? उलट लोकांच्या तोंडीं जुना ‘रिमांड होम’ हा शब्द टिकून आहे, आणि त्या एका शब्दाच्या पोटांत चोरीचा आळ आलेला मुलगा व आई गमावलेली चिमुरडी दोघेंहि गडप होतात.

ऊसतोडीस गेलेल्या पाथर्डी-शेवगांवकडील कुटुंबाचें एखादें मूल मागें राहिलें व चुकलें, तर २४ तासांच्या आंत तें बालकल्याण समितीपुढें यावें, असा नियम आहे. दप्तरांत तें ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलें बालक’ ठरतें. हें वर्णन खरें आहे. पण त्यांत तें मूल कोठें आहे? त्याची आजी कोणत्या नांवानें हाक मारते, रात्रीं तें कशास भितें, हें त्या वर्णनांत मावत नाहीं.

येथें आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रें आठवतात. राहुरी-नगरच्या त्या संसारांत पोरकीं मुलें आलीं, तीं वर्ग म्हणून नव्हे, माणसें म्हणून. त्यांच्या खोड्यांसकट बाईंनीं त्यांस जवळ केलें. त्याच नगरांत १९८९ सालीं ‘स्नेहालय’ उभें राहिलें, तेंहि देहविक्रयाच्या वस्तींतील मुलांस जवळून पाहिल्यामुळें.

कोणी म्हणेल, सर्वत्र लक्ष्मीबाई कोठून आणाव्या? आक्षेप रास्त आहे. व्यक्तीची माया तिच्या आयुष्याबरोबर संपते, कायदा उरतो. म्हणूनच तो आम्हांस हवा आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं त्यांतील दोन तत्त्वें आधीं वाचावीं: संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय, आणि मुलाचें म्हणणें ऐकून घेणें हा त्याचा अधिकार. ज्या कागदावर मुलाच्या रवानगीचा हुकूम निघतो, त्यावर त्याच्या स्वतःच्या बोलींतील चार ओळी असाव्या. त्या नसतील, तर शब्द कितीहि सोज्ज्वळ असोत, तें लेखन अपुरेंच राहिलें, असें आम्ही समजतों.