फुकट आहे, पण मोकळे आहे का?

बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडवर मोबाईल धरला की ‘दीक्षा’वरील साहित्य उघडते. पुस्तकाची पीडीएफही मोफत मिळते. एक पैसा न देता इतके साहित्य वर्गात पोहोचणे ही मोठी सोय आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षाला त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाला साहित्य नुसते दाखवायचे नसते, ते आपल्या परिसराशी जुळवून घ्यायचे असते. या कसोटीवर ते कितपत उतरते?

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वरचे उदाहरण घेऊ. खडकांचा पाठ शिकवताना ‘महाराष्ट्र म्हणजे बेसॉल्ट’ असे चित्र मुलांच्या मनात सहज उभे राहते. राज्याच्या बहुतेक भागाला ते लागूही पडते. नागपूर मात्र या बेसॉल्टच्या सीमेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, म्हणजे अग्निजन्य खडकाची. शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाईस हा रूपांतरित खडक आढळतो. आणि उमरेडला गोंडवन काळातील दगडी कोळसा, म्हणजे गाळाच्या थरांतून बनलेला खडक. खडकांचे तिन्ही प्रकार हुडकेश्वरच्या मुलांना एका दिवसाच्या सहलीत पाहता येतील!

येथील एखाद्या शिक्षिकेने तयार पाठातील सह्याद्रीची चित्रे काढून तेथे ही छायाचित्रे घातली, निवेदन आपल्या मुलांच्या बोलीत केले, तर तो पाठ खऱ्या अर्थाने त्या मुलांचा होईल. पण असे करायला तिला मुभा आहे का?

वर्गापुरती आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा अर्थ उदारपणे लावला. शिकवणे म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र बदललेला पाठ इतर शाळांसाठी इंटरनेटवर ठेवायचा म्हटला, की ही सवलत पुरेल याची खात्री देता येत नाही. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर तर लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करू नये, अशी सूचनाच असते. फुकट आणि मोकळे यांतला फरक तो हाच.

हा फरक मिटवण्याचा मार्ग उपलब्ध आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून वापरात आहेत. ‘बाय-एसए’ परवान्याखालील साहित्य कोणीही बदलावे, वाटावे. अट एवढीच की मूळ कर्त्याचे नाव द्यायचे आणि नवे साहित्यही त्याच परवान्याखाली ठेवायचे. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे पाठ याच परवान्याने दिलेले आहेत, म्हणून ते इतर भाषांत नेताना कोणाला अडखळावे लागत नाही. याउलट ज्या परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरे असतात, त्याखाली बदललेली आवृत्ती वाटता येत नाही. म्हणजे हुडकेश्वरच्या पाठाला तेथेही दार बंदच.

दीक्षावर साहित्याच्या तपशिलात परवान्याचे नाव नोंदवलेले असते, ही चांगली गोष्ट आहे. पण तो तपशील उघडून पाहण्याची सवय आपल्याला कोणी लावली नाही. शिवाय साहित्य बहुधा तयार चित्रफीत किंवा पीडीएफच्या रूपात मिळते. कायद्याने बदलण्याची मुभा असली, तरी त्यातले एक चित्र बदलायचे म्हणजे सगळे नव्याने करणे आले. मूळ फाईल मिळत नसेल, तर मोकळा परवाना अर्ध्याच उपयोगाचा राहतो.

आणखी एक अडचण क्वचितच बोलली जाते. याच कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जातो. मग आपल्या शिक्षिकेने सुटीच्या दिवशी उमरेडला जाऊन स्वतःच्या मोबाईलवर काढलेली छायाचित्रे कोणाची? तिची, की शाळेची? उत्तर माहीत नसल्यामुळे चांगले साहित्य एकाच मोबाईलमध्ये पडून राहते, आणि बदली झाली की शाळेतून नाहीसे होते.

शासनाचे धोरण येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेला एका पानाचा ठराव करता येईल. शिक्षकांनी तयार केलेले साहित्य त्यांच्या नावानिशी ‘बाय-एसए’ परवान्याखाली खुले राहील. मूळ फाईलही सोबत ठेवली जाईल. घेतलेले प्रत्येक चित्र कोठून व कोणत्या परवान्याने घेतले, हे त्याखाली लिहिले जाईल. आणि ज्यात मुलांचे चेहरे दिसतात अशी छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय बाहेर जाणार नाहीत. बालभारतीकडे मात्र एक मागणी करायला हवी. जनतेच्या पैशातून घडलेल्या पाठातील निदान चित्रे आणि आकृत्या तरी मोकळ्या परवान्याने द्याव्यात. तेवढे झाले तरी खडकांचा पाठ हुडकेश्वरच्या वर्गात वेगळा दिसेल आणि रत्नागिरीच्या वर्गात वेगळा.