संयमाच्या शास्त्रांतील दुवे

आत्मसंयम हा विषय आपल्याकडे फार करून नीतिग्रंथांच्या स्वाधीन असे. तो उचलून प्रयोगशाळेंत नेणाऱ्यांत वॉल्टर मिशेल अग्रगण्य होत. २०१४ सालीं निघालेला त्यांचा ‘द मार्शमॅलो टेस्ट’ हा ग्रंथ म्हणजे सुमारें अर्धशतकाच्या परिश्रमाचा वृत्तांत आहे.

प्रयोग वरकरणी पोरखेळच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालशाळेंत चारपांच वर्षांच्या मुलापुढें मिठाई ठेवावयाची. आतांच खाल्ली तर एक, प्रयोगकर्ता परत येईपर्यंत दम धरला तर दोन. कांहीं मुलांनीं डोळे झांकून घेतले, कांहीं गाणीं म्हणूं लागलीं. समोरची मिठाई हा मऊ ढग आहे असें मनांत आणावयास सांगितलें कीं मूल पुष्कळ वेळ थांबे; तिची गोडी आठवावयास सांगितली कीं लौकरच त्याचा धीर सुटे. संयम म्हणजे दांतओठ खाऊन केलेला निग्रह नव्हे, लक्ष वळविण्याची युक्ति आहे, आणि ती शिकवितां येते, हें मिशेल यांनीं दाखविलें. ग्रंथाचा हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

येथून ते दोन दिशांना जातात. एक मेंदूकडे: २०११ सालच्या शोधनिबंधांत त्याच मुलांपैकीं कांहींचे मेंदू चाळिशींत तपासले गेले, आणि थांबणारे व न थांबणारे यांच्या मेंदूच्या पुढल्या भागाच्या कार्यांत भेद आढळला. दुसरी आयुष्याकडे: जो थांबला तो पुढें परीक्षांत सरस ठरला. वर्तन, मन, मेंदू, आयुष्य अशी ही चारमजली इमारत देखणी खरी, परंतु शेवटचा जिना डळमळीत आहे. २०१८ सालीं वॉट्स, डंकन व क्वान यांनीं ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. तेव्हां हा संबंध निम्म्यावर आला, आणि घरची स्थिति व मुलाची बुद्धि हिशेबांत घेतांच आणखी पुष्कळ ओसरला.

याहूनहि अर्थपूर्ण प्रयोग सेलेस्ट किड व त्यांचे सहकारी यांचा, २०१३ सालचा. ज्या मुलांना आधीं दिलेला शब्द मोठ्यांनीं मोडला होता तीं सरासरी ३ मिनिटें थांबलीं. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता तीं १२ मिनिटें. फसविलेल्या मुलानें मिठाई लगेच उचलली तर त्यास असंयमी म्हणावें कीं शहाणें? हा प्रश्न मिशेल यांस अपरिचित नव्हता. १९५८ सालीं त्रिनिदादमधील मुलांविषयीं लिहितांनाच तो त्यांना भेटला होता, आणि प्रस्तुत ग्रंथांतहि तो डोकावतो. पण मुलाचा धीर मोजतांना समोरच्या मोठ्या माणसाची पत मोजण्याची सोय या मांडणींत नाहीं. आणि घरीं मिठाई मांडून लेकराचें भविष्य पाहूं इच्छिणाऱ्या आईबापांस ग्रंथ वाचून ती उणीव जाणवणारहि नाहीं.