चाचणी गेली, कान तोच

आवाज कोणाचा, हा प्रश्न आपण साहित्याला विचारला. ध्वनीच्या माध्यमाला तो अजून नीट विचारलेला नाही. अलीकडे आकाशवाणी आणि एफएमवरचे निवेदक पॉडकास्टकडे वळत आहेत, आणि या स्थलांतराला सर्रास 'मुक्ती' म्हटले जाते. ही मुक्ती कोणाची आणि कशापासून, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

ही वाट पाडणाऱ्या पहिल्या काही जणांत एक निवेदकच होता. ख्रिस्तोफर लायडन हा अमेरिकेत बोस्टनच्या डब्ल्यूबीयूआर केंद्रावर 'द कनेक्शन' हा कार्यक्रम चालवीत असे. कार्यक्रमाच्या मालकीत वाटा मागण्यावरून वाद झाला आणि २००१ साली त्याला बाहेर पडावे लागले. २००३ साली डेव्ह वायनर या संगणकतज्ज्ञाच्या साह्याने त्याने आपल्या मुलाखती थेट इंटरनेटवर सोडल्या. तेव्हा 'पॉडकास्ट' हा शब्दही रुळलेला नव्हता. भांडण मालकीचे होते, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडचा निवेदक दुसऱ्याच कोंडवाड्यातून येतो. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले. पुढे काय झाले? लहरींचा लिलाव झाला. खाजगी एफएम आले, पण स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना मनाई. पुढे आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावण्याची तेवढी मुभा मिळाली. या मनाईत निवेदकांची एक अख्खी पिढी घडली. गाणी, गप्पा, थट्टा, फोनवरून कोणाची तरी फजिती. काय बोलू नये हे ज्याला आधी कळते तोच चांगला निवेदक, असे त्या पिढीचे शिक्षण झाले.

पॉडकास्टवर ही मनाई नाही. तरी शिक्षण सुटत नाही! मी ऐकलेल्या बहुतेक तासातासाच्या मुलाखती यश, नातेसंबंध, मनःशांती आणि आजीच्या हातची चव यांवरच फिरत राहतात. जातीचा विषय निघालाच तर 'राजकारण नको' म्हणून हसून बाजूला सारला जातो. ज्या मनाईचा कायदा मागे राहिला, तिची सवय सोबत आली आहे. नीलेश मिसरा यांनी बिग एफएमवर 'याद शहर' नावाचे काल्पनिक शहर उभे केले आणि पुढे स्वतःचे व्यासपीठ काढले. कथा सांगण्याची त्यांची हातोटी मी नाकारत नाही. पण मी ऐकलेल्या कथांत त्या शहराला वेस आहे, वेशीबाहेरची वस्ती नाही.

हे सारे मुंबई-दिल्लीचे झाले, आमच्या मुखेडला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरले, माणसे गेली. माझा एक विद्यार्थी मोबाईल घेऊन एका म्हातारीकडे गेला. ती साडेअकरा मिनिटे बोलली. ज्वारीचे पोते, दावणीची म्हैस, रात्रीचा अंधार. सगळे तिच्या बोलीत, 'करूलालाव', 'जाऊलालाव' असे. पोराने पॉडकास्ट केला आणि मला ऐकवला. आरंभी संगीत, मग 'नमस्कार मित्रांनो', मग पोराचाच गुळगुळीत आवाज. म्हातारी शेवटी चाळीस सेकंद.

मी विचारले, आजी कुठे गेल्या?

"सर, त्यांचं नीट कळत नव्हतं. मी सोपं करून सांगितलं."

या पोराला कोणी चाचणीला बसवले नव्हते. आकाशवाणीत आवाजाची चाचणी होते, उच्चार तपासले जातात. तिथे निदान टेबलापलीकडे एक माणूस बसलेला असे, त्याच्याशी भांडता येई. आता तो माणूस आमच्या पोराच्या कानात बसला आहे. बापाच्या घरी तोही 'करूलालो' म्हणतो, माईकपुढे 'करतोय'.

ही सक्ती अटळ आहे असे मात्र नाही. बिदरच्या पलीकडे जहीराबादजवळ माचनूर आहे. आपल्यासारखाच एकेकाळी निजामी राज्यातला हा मुलूख. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतील दलित शेतकरी स्त्रियांनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम रेडिओ' सुरू केला. त्याआधी सुमारे दहा वर्षे परवाना नव्हता, म्हणून त्या कॅसेटवर ध्वनिमुद्रण करून संघमच्या बैठकांत ऐकवीत. 'जनरल' नरसम्मा आणि अलगोल नरसम्मा निवेदनही करीत, यंत्रही चालवीत. भाषा त्यांच्या शिवारातली तेलुगू. बी-बियाणे, आजार, गाणी. 'सोपे करून सांगणारा' मध्ये कोणी नाही. लायडनला जी मालकी भांडून मिळाली नाही, ती या बायांनी परवान्याची वाट न पाहता कॅसेटवरच घेतली होती.

आपले पूर्वीचे निवेदक नव्या माध्यमात येत असतील तर जरूर यावे. त्यांना माईक कळतो, शांतता कळते, दुसऱ्याचे बोलणे कुठे तोडावे हेही कळते. माझे म्हणणे इतकेच, की त्यांनी हे तोडण्याचे कसब आधी तपासून पाहावे.

पोराला मी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितले. आम्ही पाच-सहा जण वर्गात बसून ऐकले. म्हशीपाशी आल्यावर म्हातारी थांबते. सात-आठ सेकंद नुसता पावसाचा आवाज आहे. पोराने ते सगळ्यात आधी कापले होते.