पावाच्या गोळ्या आणि हंटरची चूक

स्वतःवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गोष्टी वर्गात नेहमी रंगतात. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत हाफकिनने आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९८४ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शलने जठरातले जंतू घोटभर पिऊन पाहिले. याच मालिकेत लंडनचा शल्यवैद्य जॉन हंटर (१७२८–१७९३) याचे नाव घेतले जाते. परमा झालेल्या रोग्याचा पू त्याने १७६७ साली स्वतःला टोचून घेतला, त्यातून त्याला गरमी झाली, आणि म्हणून परमा व गरमी हा एकच रोग आहे असे त्याने ठरवले, अशी ती गोष्ट आहे. हंटरचा त्याग मोठा, पण बिचाऱ्याचे नशीब वाईट, असा तिचा शेवट होतो.

गोष्ट चटकदार असली तरी ती तशीच सांगणे बरोबर नाही. हंटरने १७८६ साली गुप्तरोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या नाट्यमय प्रयोगाशिवाय आणखी एक साधा प्रयोग आहे. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. हे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून वाचले म्हणजे हंटरचे नशीब नव्हे, तर त्याची विचाराची पद्धत कोठे घसरली ते कळते. आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहे ते हेच.

आधी रोगांची नावे नीट समजून घेऊ. आपल्या बोलीत 'परमा' आणि 'गरमी' असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि कोल्हापूरकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना ते दोन्ही ठाऊक असतात. परमा म्हणजे मूत्रमार्गाचा दाह. लघवीला जळजळ होते, पू जातो, दुखणे जुने झाले की मूत्रमार्ग आतून आकसतो आणि लघवी तुंबू लागते. गरमी म्हणजे उपदंश. त्यात प्रथम एक न दुखणारा कठीण व्रण होतो, तो भरून येतो, मग अंगावर पुरळ उठते, आणि काही रोग्यांत अनेक वर्षांनी हृदय, मेंदू व हाडे यांवर हल्ला होतो. परम्याचा जंतू नाइसरने १८७९ साली ओळखला आणि उपदंशाचा शाउडिन व हॉफमन यांनी १९०५ साली. हंटरच्या हातात यातले काहीच नव्हते. त्याच्यापुढे होती ती फक्त लक्षणे आणि रोग्याची हकीकत. बोलीत दोन शब्द होते म्हणून आपल्या पूर्वजांना दोन कारणे ठाऊक होती, असेही कोणी म्हणू नये. शब्द लक्षणांना दिलेले असतात.

अठराव्या शतकातले उपचार वाचताना अंगावर काटा येतो. परम्यासाठी रक्त काढत, रेचके देत, मूत्रमार्गात शिशाच्या किंवा जस्ताच्या क्षारांच्या पिचकाऱ्या मारत. दुखणे जुने होऊन मार्ग आकसला की मेण लावलेल्या कापडी सळया आत सारून तो रुंद करत. सळई शिरेनाशी झाली तर हंटर स्वतः चांदीच्या नळीतून दाहक औषधाचा खडा आत नेऊन तो अडथळा जाळत असे. या साऱ्यावर मुख्य औषध होते पारा. पारा मलमातून चोळत, पोटातही देत. हिरड्या सुजून लाळ गळू लागली की औषध लागू पडले असे मानत. आज आपण त्या लक्षणांना पाऱ्याची विषबाधा म्हणतो.

हे फक्त युरोपात चालत होते असे नाही. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात भावमिश्राने 'फिरंग' या नव्या रोगाचे वर्णन केले आहे. रोग फिरंग्यांच्या संसर्गाने येतो असे तो सांगतो आणि त्यावर रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार, देतो. गोळी गव्हाच्या पिठात गुंडाळून दाताला न लावता गिळावी, ही त्याची सूचना अनुभवातून आलेली दिसते, कारण पाऱ्याने तोंड येते हे त्या वैद्यांनी पाहिलेले होते. त्याच ग्रंथात चोपचिनीही आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात गार्सिया दा ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही चोपचिनीचे गुण वर्णिले आहेत. काष्ठौषधींच्या दुकानात ती आजही मिळते. तेव्हा 'ते अडाणी, आम्ही शहाणे' किंवा त्याच्या उलट, अशी मांडणी येथे टिकत नाही. लिस्बनपासून काशीपर्यंत वैद्यांपुढे प्रश्न एकच होता. औषध दिले आणि रोगी बरा झाला, तर तो औषधाने बरा झाला हे कशावरून?

हा प्रश्न हंटरला पडला होता, हे त्याचे मोठेपण. परम्यावर पिचकाऱ्या, गोळ्या, काढे यांचा एवढा बाजार असताना त्याने काही रोग्यांना फक्त पावाच्या गोळ्या दिल्या. गोळी औषधासारखी दिसे, पण आत पावाखेरीज काही नसे. रोगी सगळे बरे झाले. काही जणांना, त्याच्या मते, औषधाने लागला असता त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला, एवढेच. पाऱ्याबद्दलही त्याने स्पष्ट लिहिले आहे. परमा पाऱ्यावाचून जितक्या लवकर बरा होतो तितकाच पाऱ्याने होतो. इतकेच नव्हे, व्रणासाठी पुरेसा पारा घेत असलेल्या माणसाला त्याच काळात नवा परमा झालेला त्याने पाहिला होता.

या शेवटच्या वाक्यापाशी वाचकाने थांबावे. पाऱ्याने व्रण हटतो, परमा हटत नाही. एकाच औषधापुढे दोन रोग वेगळे वागतात. दोन्ही रोग एकाच विषाचे नसावेत, असे सुचवणारा पुरावा हंटरच्या स्वतःच्या पुस्तकात त्याच्याच हाताने लिहिलेला आहे. पण त्याला तो पुरावा वाटला नाही, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते. विष एकच, ते ओल्या अंतस्त्वचेवर पडले तर परमा होतो आणि कोरड्या त्वचेवर पडले तर व्रण, असे तो मानत होता.

आता तो प्रसिद्ध प्रयोग पाहू. मे १७६७ मध्ये परम्याच्या पुवात नश्तर बुडवून शिश्नावर दोन ठिकाणी टोचले. काही दिवसांत तेथे व्रण झाला, मग जांघेत अवधाण आले, नंतर घशात टॉन्सिलवर व्रण पडला, अंगावर तांबूस डाग उठले. मधूनमधून पारा देऊन, मुद्दाम अपुरा ठेवून, रोग कसा चालतो ते पाहिले. सुरुवातीपासून पूर्ण बरे होईपर्यंत सुमारे तीन वर्षे गेली. निष्कर्ष असा की परम्याच्या पुवाने व्रण होतो, म्हणून रोग एकच.

टोचले ते कोणाला? पुस्तकात त्याचे नाव नाही. वाक्यरचना कर्मणी आहे, टोचणारा आणि टोचून घेणारा दोघेही त्यात दिसत नाहीत. तो हंटरच होता असे पुढच्या लेखकांनी सांगितले, पण अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. तो दुसराच कोणी असेल तर त्यागाची गोष्ट बदलून एका अनामिक माणसावर लादलेल्या तीन वर्षांच्या आजाराची गोष्ट होते. तेव्हा 'हंटरने स्वतःला टोचून घेतले' हे वाक्य वर्गात निःशंकपणे सांगू नये.

प्रयोगातला दोष मात्र पात्र कोणीही असले तरी तोच राहतो. पू ज्याच्याकडून घेतला, त्याला फक्त परमाच होता हे कशावरून? त्याला दोन्ही रोग असतील, मूत्रमार्गाच्या आत न दिसणारा व्रण असेल, तर पुवाबरोबर उपदंशाचे विषही आले. आज सर्वसाधारणपणे हेच स्पष्टीकरण दिले जाते. हंटरसारख्या चाणाक्ष माणसाला ही शंका का आली नाही? त्याचा एक सिद्धांत आड आला. एका शरीरात एकाच वेळी दोन रोगक्रिया चालू शकत नाहीत असे तो मानत असे. ते खरे मानले की दोन रोग असलेला रोगी संभवतच नाही, आणि शंकेला जागाच उरत नाही. शिवाय पू एकाच रोग्याकडून घेतला होता आणि टोचला एकाच माणसाला. दुसऱ्या रोग्याचा पू घेऊन, आणि नुसते कोरे नश्तर टोचून, तुलना केलेली नाही.

पावाच्या गोळीत तुलना होती, नश्तरात ती नव्हती. एकच माणूस, एकच पुस्तक. जिथे त्याचे मत पक्के नव्हते तिथे त्याने तुलना केली, जिथे पक्के होते तिथे एका उदाहरणावर भागवले. ही चूक हंटरपुरती नाही. आपण सगळे तपासणी काटेकोरपणे करतो ती दुसऱ्याच्या मताची.

एकच रोग हे त्या काळचे प्रचलित मत असले तरी सर्वमान्य नव्हते. त्याच १७६७ साली एडिनबरोत फ्रान्सिस बाल्फोर या तरुणाने आपल्या प्रबंधात दोन रोग वेगळे असल्याचे मांडले होते. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून बंगालमध्ये आला. १७९३ साली एडिनबरोच्याच बेंजामिन बेलने दोन खंडांचा ग्रंथ लिहून हंटरचे म्हणणे खोडून काढले. रोग एकच असता तर परमा झालेल्या माणसाचा स्वतःचाच पू त्वचेला लागून त्याला सतत व्रण झाले असते, पण तसे होत नाही, असा त्याचा एक साधा मुद्दा होता. तरीही हंटरच्या नावाचा दबदबा एवढा होता की वाद मिटायला पॅरिसच्या फिलिप रिकॉरचे १८३८ सालचे पुस्तक यावे लागले. त्याने एकावर न थांबता अडीच हजारांच्या आसपास टोचण्यांची नोंद केली होती. पण रिकॉरही सर्वत्र बरोबर नव्हता. उपदंशाच्या दुसऱ्या अवस्थेतून संसर्ग होत नाही असे तो सांगे, ते चुकीचे ठरले. आणि रुग्णालयातल्या रोग्यांना असे टोचणे आजच्या नीतिनियमांत बसणार नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

या चुकीची किंमत रोग्यांनी मोजली. पारा परम्याला बरा करत नाही हे माहीत असूनही, विष अंगात भिनून पुढे गरमी होऊ नये म्हणून तो परम्याच्या रोग्यांना दिला जाई. ज्यांना पाऱ्याची मुळीच गरज नव्हती अशांचे दात त्यामुळे हलले.

पावाच्या गोळ्यांचे मी कौतुक केले, पण तो प्रयोगही पुरा नव्हता. 'रोगी बरा झाला' याचा हंटरच्या दृष्टीने अर्थ पू थांबला एवढाच. उपचार न करताही परम्याची लक्षणे ओसरू शकतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. जंतू मात्र आत राहू शकतो, आणि दुखणे काही काळाने आकसलेल्या मूत्रमार्गाच्या रूपाने परत येते. अनेक स्त्रियांना तर लक्षणे जाणवतच नाहीत, पण संसर्ग वर चढून वंध्यत्व येऊ शकते, आणि बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना धोका होतो. पू मोजणाऱ्या वैद्याच्या हिशेबात या स्त्रिया आल्याच नाहीत. तुलना करणे आवश्यक आहे, पण कशाची तुलना करायची हे ठरवणेही तितकेच आवश्यक आहे.

हा इतिहास जुना झालेला नाही. आपल्याकडे एस.टी. स्टँडच्या आसपासच्या भिंतींवर 'गुप्तरोग खात्रीने बरे' अशा जाहिराती अनेकांनी पाहिल्या असतील. अशा रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या चालतात, आणि का चालतात ते पावाची गोळी सांगते. लक्षणे आपोआप ओसरली तरी श्रेय पुडीला मिळते. लाजेपायी माणूस डॉक्टरकडे जात नाही, आणि जंतू राहतो तो राहतोच. उलट बाजूला, योग्य प्रतिजैविकाने परमा बरा होतो, पण या जंतूने सल्फा, पेनिसिलीन आणि नंतरच्या कित्येक औषधांना दाद देणे सोडले आहे. अर्धवट आणि मनाने घेतलेल्या गोळ्या त्याला मदतच करतात. म्हणून तपासणी करून, पूर्ण उपचार घेणे आणि जोडीदारालाही ते देणे हाच मार्ग आहे.

वरच्या वर्गात हा विषय घेताना संकोच वाटणे साहजिक आहे. तेव्हा एक सोपा मार्ग सुचवतो. रोगाचे व शास्त्रज्ञाचे नाव न सांगता फळ्यावर एवढेच लिहा : 'अ रोगाच्या एका रोग्याचा पू एका निरोगी माणसाला टोचला, त्याला ब रोग झाला, म्हणून अ आणि ब एकच.' या निष्कर्षाला आणखी कोणती कारणे असू शकतील, आणि ती वगळायला काय करावे लागेल, हे मुलांना विचारा. दोन्ही रोग असलेल्या रोग्याची शक्यता बहुधा कोणीतरी काढेलच. मग हंटरचे नाव सांगा, आणि पावाच्या गोळ्यांचेही.

विचार करत बसण्यापेक्षा प्रयोग करून का पाहत नाही, असे हंटरने १७७५ साली आपला शिष्य एडवर्ड जेन्नर याला पत्रातून विचारले होते. हा सल्ला शाळांत आवडीने सांगितला जातो. तो चांगला आहे, पण अपुरा आहे. प्रयोगाआधी एक प्रश्न विचारायचा राहतो. काय घडले तर माझे म्हणणे चुकीचे आहे असे मी मान्य करीन? १७६७ साली नश्तर हातात घेणाऱ्याने तो विचारला असता, तर पू घेण्याआधी तो रोगी त्याने पुन्हा एकदा तपासला असता.